भरदिवसा गेलेलं रेसिंगचं मशीन

मंडळी, माणमधल्या मित्रांना एव्हाना कळलंच असेल, पण बाकीच्यांनी माझ्या तोंडून ऐका. आज दुपारी माझ्या गेम पार्लरमधलं रेसिंगचं मशीन चोरीला गेलं. भरदिवसा!

रात्री मी सगळ्या मशीनना साखळी घालतो, शटरला दोन कुलपं लावतो. दिवसा मात्र वाटायचं, एवढं अवजड धूड नेणार कोण?

मी जेवायला घरी गेलो होतो. पार्लरमध्ये माझे वडील, आबा, बसले होते. तिघंजण टेम्पो घेऊन आले, "रिपेरिंगला न्यायचंय" म्हणाले. त्यांना मशीन उचलेना, तेव्हा आबांनीच हात लावला.

परत आल्यावर मी गिऱ्हाइकांसमोर आबांवर ओरडलो, "आवो, कोन, कुटलं, येवढं तरी इचारायचं!"

आबा हळूच म्हणाले, "तूच म्हनला व्हता ना, कुनाला इचारू नका म्हून."

खरंय. येणाऱ्या प्रत्येकाला आबा विचारायचे, "कुनाचा रं तू? गाव कंचं?" शेजारच्या आयटी कंपन्यांतली पोरं खेळायला यायची, ती हसायची. गेल्या महिन्यात मीच सगळ्यांदेखत म्हणालो होतो, "आबा, लाज वाटती मला. गप बसत जावा."

चौकीत पोलिसांनीही पहिलं तेच विचारलं. कोण होते, कुठले होते?

संध्याकाळी एक नवीन गिऱ्हाईक आलं. आबांनी तोंड उघडलं, थांबले, माझ्याकडं बघून म्हणाले, "इचारू का रं?"

मला मान वर करता येईना. तुम्हीच सांगा, आता कुठल्या तोंडानं 'विचारा' म्हणू?