दंडाचं बकरं

आमच्या बाबांनी देवासाठी बकरं पाळलं होतं, असं सांगितलं की लोकांना वाटतं, ख्रिस्ती होऊनही आमचे नवस काही सुटले नाहीत. नवस नव्हताच तो. तो दंड होता.

वाशीमकडच्या शिरपूरच्या पलीकडचं आमचं गाव. तिथे ख्रिस्ती घरं बोटांवर मोजण्याइतकी आणि आमचं उपासनेचं मंदिर म्हणजे गावाबाहेरची शेणानं सारवलेली एक खोली. थोरले काका, म्हणजे बाबांचे सख्खे भाऊ, आमच्याबरोबर आले नाहीत, जातीतच राहिले. वावरं मात्र दोघांची लागून, मध्ये फक्त एक धुरा, म्हणजे बांध. एका वर्षी पेरणीआधी बाबांनी तो धुरा गुपचूप काकांच्या वावरात सरकवला. काका विचारायला आले, तर बैल हाकायची तुतारी त्यांच्या पाठीत घातली. बाबांचा राग असा होता, आणि तो माझ्याकडेही आला आहे, घरचे सांगतीलच.

राग उतरल्यावर बाबांनी धुरा होता तिथे नेला, काकांचे पाय धरले. काका "जाऊ दे" म्हणाले. पण बाबांच्या मनातून ते जाईना. पुढच्या रविवारपासून ते उपासनेला दारापाशी, चपलांजवळ बसू लागले. प्रभुभोजनाची, सगळ्यांनी वाटून खायची भाकर फिरली की मान खाली घालून ती पुढे जाऊ द्यायचे.

त्यांनी जन्मभर न्याय पाहिला होता तो एकच. चुकलेल्याला जात वाळीत टाकणार, मग त्यानं सगळ्यांना दंडाचं जेवण द्यायचं, पंचानं त्याच्या घरचा पहिला घास घ्यायचा, आणि मगच तो पंगतीत. देवाच्या पंगतीलाही हाच कायदा असणार, हे त्यांनी कोणाला न विचारता ठरवून टाकलं आणि बाजारातून एक पिल्लू आणून दारात बांधलं. ते मोठं होईपर्यंत बाबा आमच्यात बसणार नव्हते.

"काहो, देवाले बकरं खाऊ घालता का आता?" माय म्हणायची. "त्याले काई कमी पडलं का?"

"तुले नाही समजत. दंड देल्याबिगर त्या पंगतीत कसा बसू मी?"

माय हसायची, आणि जात्यावर बसली की रडायची. मलाही उपासनेत शेजारची रिकामी जागा बघवत नसे.

पाळकसाहेब उपासना घ्यायला अधूनमधून वाशीमहून बैलगाडीनं यायचे. एकदा त्यांनी बकऱ्याची चौकशी केली आणि बाबांनी सगळं सांगून टाकलं. पाळकसाहेब हसले नाहीत. खाटेवर बसून त्यांनी एक स्तोत्र म्हटलं. त्यात गाणारा देवाला विनवतो, माझा न्याय करू नकोस, तुझ्यापुढे जिवंत माणूस कोणीच नीतिमान ठरायचा नाही. आणि तोच माणूस त्याच देवाच्या नीतिमत्त्वाचा हवाला देऊन म्हणतो, मला सोडव.

बाबांनी त्यांना मध्येच अडवलं. "न्यायाले भेते, अन् न्याय करनाऱ्यालेच हाक मारते? हे कसं सायेब?"

"देव शबुद मोडत नाही, म्हनून. त्याचं नीतिमत्त्व बुडत्याले काढाले धावते, भाऊ. त्यालेच आपन कृपा म्हनतो."

"अन् दंड?"

"तो ख्रिस्तानं भरला. पंचही तोच. पाप्याच्या घरचा पहिला घास त्यानं कवाच घेतला. आता तू कोनाची वाट पाहून राह्यला?"

बाबांनी दारातल्या बकऱ्याकडे पाहिलं. मग थोडे चिडूनच म्हणाले, "मंग या बकऱ्याचं काय करू?"

त्या रविवारी भाकर फिरू लागली तसे बाबा दारातून उठले आणि माझ्या शेजारी येऊन बसले. त्यांनी दोन्ही हात पुढे करून भाकर धरली. मी त्यांच्या सदऱ्याचं टोक घट्ट धरून ठेवलं. इतका आनंद मला लग्नातही झाला नाही.

बकरं शेवटी पिकाच्या उपकारस्तुतीला, म्हणजे पीक आल्यावर देवाचे आभार मानायच्या जेवणाला कापलं, दंड म्हणून नव्हे, खुशीनं. बाबांनी काकांनाही बोलावलं. आमच्या हातचं खाल्लं तर जात त्यांना वाळीत टाकणार, हे बाबांना ठाऊक होतं, तरी बोलावलं. काका आले, फडक्यात स्वतःची भाकर बांधून. बाबांच्या समोर मांडी घालून बसले.

"तुह्या घरचं मले चालत नाही," ते म्हणाले. "पन माह्या घरचं तुले चालते ना?"

आणि त्यांनी आपली भाकर मोडून अर्धी बाबांच्या पत्रावळीवर ठेवली. बाबांनी ती उचलून दोन्ही हातांत धरली, त्या रविवारी धरली होती तशीच, आणि मटणाला हात लावायच्या आधी ती कोरडी खाल्ली.