बकल लावलेलं जॅकेट

ती सकाळ अजूनही माझ्याकडे येते, आणि येते ती तरंगतच. दुपारी जेवून आरामखुर्चीत डोळा लागला की सिद्धेश्वरच्या धरणाचं पाणी समोर पसरतं, त्यावर धुकं, आणि धुक्यात एक लाल होडी पालथी पडलेली. मग बायकोचा आवाज येतो, "झोपेत वल्हं मारू नका, चहा सांडेल." घरात ही हकिगत सगळ्यांनी इतक्यांदा ऐकली आहे की धाकटी लेक माझ्याआधी शेवट सांगून टाकते. म्हणून एकदा लिहूनच काढतो. कागद मध्ये बोलत नाही.

हिंगोली जिल्हा तेव्हा नवा होता आणि मी धरणाजवळच्या एका ठाण्याचा प्रमुख होतो. पूर्णेच्या काठच्या गावांतून काही माणसं निवडून त्यांना पुरातून माणूस कसा काढायचा हे शिकवायचं ठरलं. हिवाळ्यात ट्रकमधून प्लास्टिकच्या लांबट, दोन्हीकडून टोकदार होड्या आल्या. त्यांना कयाक म्हणतात असं शिकवणाऱ्या मॅडमनी सांगितलं. गावानं एकदा पाहिलं आणि नाव ठेवलं 'मिरच्या'. लाल मिरची, पिवळी मिरची. पुढे मॅडमही मिरचीच म्हणू लागल्या.

या मॅडम बाहेरगावच्या. तिशीतल्या, उन्हानं रापलेल्या, बोलायला थोड्या. बंदोबस्ताला म्हणून मी काठावर खुर्ची टाकून बसलो होतो, तर म्हणाल्या, "साहेब, तुम्हीही जॅकेट घाला." लाईफ जॅकेटच्या पोटावरच्या पट्ट्या शेवटच्या टोकापर्यंत सोडाव्या लागल्या, तेव्हा कुठे बकल लागलं. मला पोहता येत नव्हतं. भरती होताना कुणी विचारलं नाही आणि मी आपणहून सांगितलं नाही.

मॅडमचा पहिला धडा असा होता. "बुडणारा माणूस दिसला की आधी हाक. हाकेनं भागलं नाही तर दोर फेकायचा. दोर पुरला नाही तर होडी. आणि स्वतः पाण्यात उतरायचं ते सगळ्यात शेवटी. बुडणारा माणूस वाईट नसतो, पण हाती लागेल त्याच्या डोक्यावर चढतो."

दुसरा धडा जॅकेटचा. अंगातून काढलं की तिन्ही बकलं परत लावायची, पट्ट्यांची टोकं आत खोचायची, मगच ठेवायचं. लोंबणारी पट्टी कुठेतरी अडकते, आणि नंतर जो ते घाईत उचलतो त्याच्या जिवावर बेतते. पहिल्या दिवशी मी माझं जॅकेट तसंच खुर्चीवर टाकलं, तर सगळ्यांदेखत मला परत बोलावून बकलं लावायला लावली. आमचा हवालदार तोंडावर रुमाल धरून खोकला. त्याला खोकला नव्हता.

शिकणाऱ्यांत एक गडी होता. गावात त्याला सगळे कप्तान म्हणत. पुरात वाहून चाललेली म्हशीची वगार त्यानं एकट्यानं काढली होती, ही त्याची कथा. पारावर, लग्नात, जीपमध्ये, माणूस भेटला की ती कथा व्हायची, आणि दर वेळी पाणी हातभर वाढायचं. ग्रामसभेत "पट्टीचा पोहणारा कोण?" असं विचारल्यावर कुणी त्याला विचारलंही नाही. मागून चार हातांनी ढकललं आणि तो पुढे आला. सरपंचांनी त्याला नारळ दिला, फेटा बांधला.

शेवटच्या दिवशी परीक्षा होती. जॅकेट घालूनच, पण खोल पाण्यात होडी मुद्दाम पालथी करायची, खालून निघायचं आणि पोहत काठ गाठायचा.

त्या सकाळी धुकं इतकं दाट होतं की काठ कुठे संपतो ते पाय भिजल्यावर कळत होतं. जाळी काढायला गेलेले मासेमार ओरडत आले. लाल मिरची पालथी होऊन वाहत होती. जवळच एक केशरी जॅकेट तरंगत होतं. कप्तान कुठेच नव्हता. रात्री काठावरच्या शिबिराच्या तंबूत झोपलेला सगळ्यांनी पाहिला होता, पहाटे जागा रिकामी.

सगळं गाव काठावर आलं. त्याची माय आली आणि पाण्याच्या कडेला एका दगडावर बसली. मी जवळ गेलो तर एवढंच म्हणाली, "सायेब, माझं लेकरू हाये का न्हाई, तेवढं सांगा." पुढचा सारा तपास म्हणजे या एका प्रश्नाचं उत्तर होतं.

पंचनामा झाला. 'होडी एक, लाल. जॅकेट एक, केशरी, ओलं.' मासेमारांच्या नावेत बसून आम्ही गळ टाकत फिरलो. दुपारपर्यंत धुकं विरलं आणि पाणी इतकं स्थिर झालं की आपण नावेत आहोत की आभाळात, तेच उमजेना. खाली धरणात गेलेल्या शेतांच्या जुन्या विहिरी दिसत होत्या. गोल काठ, आत काळोख. एका विहिरीवरून बगळ्यांची रांग गेली, वर एक आणि खाली एक. वल्ह्याचा आवाज कुठून तरी दुसरीकडून आल्यासारखा वाटे. गळ वर येताना दर वेळी मी डोळे मिटून घेत होतो. वर यायचं ते शेवाळ, बाभळीचं खोड, कुणाची तरी जुनी चाळण. नावाडी म्हणाला, "सायेब, डोळे मिटून काय दिसनार?" मी म्हणालो, "तेच बघतोय."

काठावर आलो तर लोक मॅडमभोवती जमले होते. "बाईमानसाला पान्यातलं काय कळतं? गावाचं पोरगं घालवलं." मॅडम पाण्याकडे बघत उभ्या होत्या. वायरलेसवर वरिष्ठ विचारत होते, नोंद काय करताय? मी म्हणालो, "मृतदेह नाही सर. सध्या बेपत्ता." पलीकडून मोठा श्वास ऐकू आला. गुन्हा कुणावर दाखल होणार हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, मॅडमनाही.

मी तंबूत शिरून जॅकेट काढलं. मनात दुसरंच चाललं होतं. हातांनी आपणहून तिन्ही बकलं लावली, टोकं खोचली. आणि मी माझ्याच हातांकडे बघत उभा राहिलो.

मग पंचनाम्यातलं जॅकेट उचललं. तिन्ही बकलं लावलेली. पट्ट्यांची टोकं व्यवस्थित आत खोचलेली.

मॅडमना बोलावलं. त्यांनी जॅकेट उलटंपालटं केलं. "अंगावर घट्ट असताना हे बकल न उघडता निघत नाही. आणि टोकं आपण काढून ठेवतानाच खोचतो." त्यांच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा रंग आला. "त्यानं हे स्वतः काढलंय, साहेब. घाई न करता."

मी जवळजवळ धावतच मायकडे गेलो. म्हणालो, "माय, त्यानं जॅकेट स्वतःच्या हातानं काढलंय. पोहत कुठंतरी निघाला असेल."

म्हातारीनं माझ्याकडे पाहिलं. "पवत? त्याला पवता कुठं येतं?"

"मग वगार कशी काढली?"

"वगारीनं त्याला काढलं. शेपूट धरून आलता. काठावर आल्यावर म्या त्याची मूठ उकलाया गेले, उकलंना." मग ती म्हणाली, "कथा सांगून राहिला तर सांगू दिली. लोकं हासायची, चार मानसं जवळ बसायची. म्या काहून मोडू?"

पोहता न येणारा माणूस पहाटे एकटा होडी घेऊन जातो आणि जॅकेट काढून ठेवतो. हवालदारानं माझ्या कानाशी येऊन जे म्हटलं ते इथं लिहीत नाही. त्याच्याही मनात तेच आलं होतं. मी मायला काहीच सांगितलं नाही. ती दगडावरून उठली नाही, म्हणून मॅडमही तिच्याशेजारी जाऊन बसल्या. दोघी पाण्याकडे बघत राहिल्या. कुणी त्यांना पाहिलं असतं तर मायलेकी म्हणालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हवालदाराचा एक खबऱ्या ठाण्यात आला. गोरेगावच्या लाईनला जीप चालवायचा. चहा पिता पिता म्हणाला, "काल एक गडी बसला हिंगोलीतून. पायात चप्पल न्हाई, पँट गुडघ्यापर्यंत गाळानं भरलेली. बनेन उलटी घातलेली. म्या सीटवर पोतं टाकून बसवलं."

"रंग कोणता बनियनचा?"

"आतून पिवळी."

शिकणाऱ्या सगळ्यांना पिवळ्या बनियन दिल्या होत्या, छातीवर अक्षरं छापलेल्या. अक्षरं लपवायला उलटी घातली होती. आणि गोरेगावात कप्तानची थोरली बहीण नांदत होती.

आम्ही गेलो तेव्हा बहीण दारात शेंगा फोडत बसली होती. मला पाहताच पदर डोळ्यांना लावला. "माजा भाऊ गेला हो सायेब."

"कुणी सांगितलं?"

"बाजारात लोकं बोलून राहिले."

"मग माहेरी निघाला नाहीत?"

तिनं पदर काढला. डोळे कोरडे ठणठणीत. अंगणातल्या दोरीवर एक बनियन वाळत होती, उलटी.

हवालदार भिंतीवरून मागच्या अंगणात उडी मारायच्या बेतात होता. मी त्याला ओट्यावर बसवलं. का, ते तेव्हा नीट कळलं नव्हतं. फक्त मॅडमचा आवाज कानात होता. आधी हाक.

मी भिंतीशी जाऊन म्हणालो, "कप्तान, मी आहे. एकटाच बोलतोय."

पलीकडे शेंगांची टरफलं चुरचुरली. हाकेनं भागलं नाही.

मग दोर फेकला. "माय कालपासून धरणावर बसली आहे. जेवली नाही."

बऱ्याच वेळानं भिंतीपलीकडून आवाज आला. "सायेब, वगारीनं मला काढलं व्हतं."

"माहीत आहे. मलाही पोहता येत नाही."

"खरं?"

"हवालदाराला विचार."

हवालदार ओट्यावरून आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाला, "बिलकुल खरं. साहब टबमें भी दोर पकडके नहाते."

पलीकडे कुणीतरी हसलं, आणि त्या हसण्याचं मधेच रडणं झालं. कप्तान दारातून बाहेर आला तेव्हा केसांत टरफलं होती.

त्यानं सांगितलं ते असं. परीक्षेच्या भीतीनं झोप आली नाही. पहाटे एकटाच सराव करावा म्हणून उथळ पाण्यात होडी घातली. कमरेएवढ्या पाण्यात उतरला, होडी पालथी करायला हात लावला आणि हातच उचलेना. पुराचं पाणी आठवलं. जॅकेट काढलं, शिकवल्याप्रमाणे बकलं लावून होडीत ठेवलं आणि गाळातून चालत निघून गेला. होडी मागे वाहत गेली आणि बुडालेल्या एखाद्या खोडाला लागून उलटली असावी. "घरी दोन दिसांनी यावं म्हनलं. पर गोरेगावात आलो तं लोकं म्हनून राहिले, कप्तान बुडला. मेलेल्या मानसानं परत कसं यावं, सायेब?"

धरणावर जीप थांबली. लोक बाजूला झाले. माय दगडावरून उठली. त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "पायाला धूळ केवढी. धुऊन ये."

तो पाण्याकडे गेला आणि कडेला थबकला. मॅडम त्याच्या शेजारी जाऊन घोट्याएवढ्या पाण्यात उभ्या राहिल्या. मग तोही उतरला.

पुढे कित्येक जबाब मी घेतले. खून, चोऱ्या, भावकीची भांडणं. समोरचा माणूस खोटं बोलतोय असं दिसलं की मला ती भिंत आठवायची. खोटं बोलणारी बरीच माणसं बुडत असतात, आणि आपण थेट अंगावर उडी घेतली की दोघंही जातात. हाक मारून थांबता आलं पाहिजे. थांबणं पोलिसाला जड जातं. मला तर भिंतच चढता येत नव्हती, म्हणून जमलं.

त्या उन्हाळ्यात कप्तान आणि मी पाठीला पत्र्याचे डबे बांधून त्यांच्या शेतातल्या विहिरीत उतरलो. पोहायला शिकवणारं असं कुणी नव्हतं. काठावर माय बसली होती, दोघांच्या कमरेचे दोर हातात घेऊन. कप्तान चार दिवसांत तरंगू लागला. मी पायरीला धरून होतो.

"सायेब, सोडा आता हात," ती वरून म्हणाली. "आमी हाये."

मी हात सोडला. पाण्यानं मला उचललं. विहिरीच्या गोल तोंडातून निळं आभाळ दिसत होतं आणि त्याच्या कडेला म्हातारीचं डोकं, सूर्य मागे असल्यानं नुसतं काळं. कानांत पाणी होतं, कुठलाच आवाज नव्हता. तिथेच मी अजून दुपारी जाऊन येतो.

पुढे दोघांनाही पोहता येऊ लागलं. तरी आम्ही विहिरीत असेपर्यंत म्हातारीनं दोर कधी खाली ठेवला नाही.