अमरावती काढली का?

शुक्रवारी बस सुटायला आली होती, म्हणून लॅपटॉप तसाच मिटून मी पिशवीत कोंबला आणि अमरावती काढायची विसरलो.

हे आमच्या घरातलं बोलणं आहे. मी अमरावतीच्या एका कॉलेजात ऑफिस सांभाळतो, घर अकोल्याला जठारपेठेत. कॉलेजात इंटरनेट सरळ मिळत नाही. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन मधल्या एका कॉम्प्युटरचा पत्ता भरावा लागतो, त्याला प्रॉक्सी म्हणतात. घरी हा मधला गडी नसतो, तेव्हा तो पत्ता काढला नाही तर एक पान उघडत नाही. म्हणून दर शुक्रवारी निघण्याआधी मी तो काढायचो आणि घरी पोचल्यावर मोठ्यानं जाहीर करायचो, "अमरावती काढली!" जणू ऑपरेशनच केलं. एकदा प्रिंटर सुरू केल्यापासून घरात मला इंजिनिअरचा मान होता, आणि तो मी कधी नाकारला नाही.

त्या रविवारी सकाळी परदेशातली माझी धाकटी बहीण लॅपटॉपवर दिसणार होती. तिला मुलगी होऊन महिना झाला होता. बाबांनी नात पाहिली नव्हती. त्यांची नजर इतकी गेलेली की फोनवर काही दिसत नसे. लॅपटॉपचा पडदा भरून चेहरा आला आणि ते वीतभर अंतरावर बसले, तर ओळखत. बहिणीनं लिंक पाठवली होती. बाबांनी दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला, डोळ्यांत थेंब टाकून घेतले आणि खुर्ची ओढून बसले.

लिंक उघडेना. मी राउटर बंद-चालू केला. फोनचं नेट लॅपटॉपला जोडलं. तरी तेच. पडद्यावर इंग्रजीत कारण चक्क लिहिलेलं होतं. मी वाचलं नाही. न उघडणारं पान कोण वाचतं?

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "अमरावती काढली का तुमी?"

"तुले काय समजते त्यातलं? चहा ठेव."

तिनं चहा ठेवला.

मग मी बहिणीला फोन करून चढ्या आवाजात सांगितलं, "तुझी लिंकच बरोबर नाही." तिनं दुसरी पाठवली, मग तिसरी. शेवटी फोनवरच व्हिडिओ लावला. बाबांनी फोन नाकाला टेकवला, तिरपा धरला, पुन्हा नाकाला टेकवला.

"उजेड दिसून राह्यला," ते म्हणाले. "पोरगी नाई दिसत."

"पुढच्या रविवारी दाखवतो, बाबा."

"हो, मी कुठं चाललो?" म्हणत ते उठले. सदरा काढून घडी घालून ठेवला. पुढच्या रविवारी पुन्हा लागेल म्हणून.

सोमवारी ऑफिसात लॅपटॉप उघडला, तर नेट धावायला लागलं. मी कशालाही हात लावला नव्हता. सेटिंग उघडलं, तर पत्ता जिथल्या तिथं. शुक्रवारपासून तिथंच बसला होता. मी तो बघत राहिलो. समोर फी भरायला आलेली मुलगी म्हणाली, "सर, बरं नाही का?"

बुधवारी बाबा गेले. झोपेतच. घडी घातलेला तोच सदरा अंगावर घालून त्यांना नेलं.

बहिणीला लहान लेकरू घेऊन येता आलं नाही. दिवस झाले, नातेवाईक पांगले, तरी तिचा रोज फोन यायचा आणि रोज गाडी तिथंच यायची, "दादा, लिंक मी नीट पाठवली असती तर बाबांना दिसली असती रे." मी म्हणायचो, "जाऊ दे, होतं असं." म्हणजे मोठ्या मनानं तिला माफ करायचो.

हे महिनाभर चाललं. परवा तिचा फोन ठेवल्यावर मला जेवण जाईना. ताटावर बसूनच बायकोला सगळं सांगितलं. लिंक तिन्ही वेळा बरोबर होती, अमरावती काढायची मी विसरलो होतो, आणि हे मला त्या सोमवारपासून माहीत होतं. वाटलं, ती त्या रविवारच्या "चहा ठेव"चा विषय काढेल, आणि तो काढला असता तर मला बरंच वाटलं असतं.

तिनं माझं ताट बाजूला सरकवलं आणि फोन माझ्यापुढे ठेवला.

"मले सांगून काय होते?" ती म्हणाली. "लेकरू पाजता पाजता रडते तुमची बहीण तिकडं. तिले सांगा. आत्ता, माह्यासमोर."