चित्रपटात रेडिओ नव्हता

बाळांनो, मागच्या आठवड्यात तुम्ही मला फोनवर एका चित्रपटाबद्दलची लोकांची मतं वाचून दाखवलीत. मूळ चित्रपट स्पॅनिश, तोच अमेरिकेत पुन्हा काढला, आणि आता लोक भांडताहेत की जुना चांगला की नवा. तुम्ही हसत होतात. 'आजी, तुझं काय मत?' असं विचारलंत, तेव्हा मी दूध उतू जातंय म्हणून फोन ठेवला. गॅसवर दूध नव्हतं.

उत्तर द्यायचं तर मला जळगावच्या आमच्या शेजारणीबद्दल लिहावं लागेल. तिने एकदा माझ्याकडे मदत मागितली होती, तीही लेखी. मी त्या कागदातली चूक लाल शाईने दाखवली.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी कॉलेजात इंग्रजी शिकवत होते आणि गावातल्या चित्रपट मंडळाची चिटणीस होते. महिन्यातून एका रविवारी संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये आम्ही परदेशी चित्रपट दाखवायचो. रिळांचे पत्र्याचे डबे रेल्वेने यायचे आणि दुसऱ्या दिवशी एसटीने धुळ्याच्या मंडळाकडे जायचे. चित्रपटावरची इंग्रजी अक्षरं सगळ्यांना वाचता येत नसत, म्हणून गोष्टीचा मराठी सारांश मी आधी लिहून वाटायचे. शेवटी अभिप्रायाच्या चिठ्ठ्या. नाव लिहायचं नाही, मत मोकळेपणाने लिहायचं, दाराजवळच्या पेटीत टाकायचं. निवडक चिठ्ठ्या मी पुढच्या महिन्यात वाचून दाखवायचे आणि सगळ्या एका वहीत चिकटवायचे.

सुरुवातीला जोडप्यामागे एकच चिठ्ठी असे आणि ती नवरे लिहीत. मी भांडून नियम बदलला. बाईला वेगळी चिठ्ठी, वेगळी पेन्सिल. या नियमाचा मला फार अभिमान होता.

आमचा जोडबंगला होता. मधली भिंत एकच. पलीकडे एका सरकारी कचेरीतले अधिकारी आणि त्यांची बायको राहत. मूलबाळ नव्हतं. ते अतिशय नम्र, दिसले की आधी नमस्कार करणार. बायको साक्रीकडच्या एका खेड्यातली, सातवी-आठवीपर्यंत शिकलेली, तिशीची. ती विसरभोळी आहे, गॅस चालू ठेवते, एकदा रस्ता चुकली, असं ते सगळ्यांना सांगत. म्हणून कामावर जाताना ते बाहेरून कुलूप लावत. मंडळाच्या चित्रपटांना मात्र ते तिला सोबत घेऊन येत. कॉलनीत कोणालाच यात वावगं वाटलं नाही. 'किती जपतात तिला,' असंच बायका म्हणत. मीही म्हटलं आहे.

दुपारी तीनच्या सुमारास त्या भिंतीतून आवाज यायचा. ठक ठक ठक, मग थांबून पुन्हा. कॉलेजातून आल्यावर माझी तेवढीच तासभर आडवं होण्याची वेळ. मला वाटे, ठेचा कुटते आहे. आमच्याकडे भांडी घासायला येणारी बाई एकदा हात थांबवून ऐकत राहिली आणि तिच्या अहिराणीत म्हणाली,

"अक्का, हाई कुटनं नही शे. कुटाना आवाज खालथून येस, हाऊ भिंतमाथून येस."

"मग काय आहे?"

"कोनीतरी हाक मारी ऱ्हायनं."

"तू भांडी घास," मी म्हटलं. "तुला सगळीकडे भुतं दिसतात."

"भुतं कुलपामा नही ऱ्हातस, अक्का," ती म्हणाली आणि पुन्हा राखेत हात घातला.

मी शेजारच्या अधिकाऱ्यांनाच फाटकाशी विचारलं. ते ओशाळले. "तुमची झोप मोडते ना, बाई? मी समजावतो तिला." नंतर आठ दिवस भिंत गप्प होती. रविवारी ती अंगणात दिसली तेव्हा तिच्या उजव्या हाताला फडकं होतं. "विळीवर कापलं," ते तिच्या मागून म्हणाले. ती माझ्याकडे बघत राहिली. नवव्या दिवशी आवाज पुन्हा सुरू झाला, पण हळू. पुन्हा तक्रार करायला मला बरं वाटेना. मग मी तीन वाजता रेडिओ लावायला लागले. रेडिओ भिंतीलगतच्या कपाटावर होता. आवाज थोडा मोठा ठेवला की पलीकडचं काही ऐकू येत नसे.

त्या उन्हाळ्यात स्पॅनिश चित्रपट आला. एका बंदराच्या गावात एक शिक्षिका भाड्याने खालचा मजला घेते. वरती घरमालक एकटाच राहतो, सभ्य, मऊ बोलणारा. रोज दुपारी वरून ठोकल्याचा आवाज येतो. तो म्हणतो, वाऱ्याने खिडकी आपटते. शिक्षिका पाववाल्याला विचारते, धर्मगुरूला विचारते, शेजारणीला विचारते. सगळे म्हणतात, फार सज्जन माणूस. हळूहळू तिला वाटायला लागतं की आपल्याच डोक्यात काहीतरी बिघडलं आहे. शेवटी ती जेवायचं टेबल मांडते, वर ठोकणं चालूच असतं, आणि ती चमचे नीट ओळीत लावत राहते. संपलं. वरती कोण आहे ते दाखवतच नाहीत.

आमचे लोक भडकले. केळीचे एक व्यापारी माझ्यापाशी येऊन म्हणाले, "बाई, एक डबा कमी आला का? नीट बघा. शेवटाचं रीळ धुळ्यालाच राहिलं असेल."

"धुळ्याला उद्या जायचंय अजून, भाऊ. एवढाच आहे चित्रपट."

"असं कसं? माणूस उन्हातून येतो ते अर्धवट बघायला?"

म्हणून मी ठरवलं की पुढच्या महिन्यात अमेरिकन आवृत्ती दाखवायची. मुंबईहून कॅसेट मागवली, व्हिडिओ आणि दोन टीव्ही भाड्याने आणले. त्यात गोष्ट तीच, पण शिक्षिका खालून कुऱ्हाड घेऊन जिना चढते, दार फोडते, आत घरमालकाची बायको सापडते, पोलीस येतात. हॉलमध्ये टाळ्या पडल्या.

चिठ्ठ्या मी दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर मांडल्या. डावीकडे जुन्याच्या बाजूच्या, उजवीकडे नव्याच्या. उजवा गठ्ठा दुप्पट होता. 'याला म्हणतात शेवट.' 'पहिल्यात शिक्षिका भित्री, दुसरी आम्हाला शोभेल अशी.' वरणगावच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका सभासदाने लिहिलं होतं की दार सागवानी असेल तर तीन घावांत फुटणं अशक्य, किमान वीस लागतील. कापड दुकानाच्या एका वयस्क मुसलमान मालकांची चिठ्ठी मी अक्षरावरून ओळखली: 'पहिल्या पिक्चरमध्ये बाई गप्प आहे तरी सगळं कळतं. दुसऱ्यात ती बोलायची थांबत नाही, म्हणून काही कळत नाही.' मला ती सर्वात आवडली.

आणि मग ही. पेन्सिलीने बारीक, दाबून लिहिलेली:

'पहिला खरा आहे. दुसऱ्यात खालची बाई कुऱ्हाड आणते. खालच्या बाया कुऱ्हाड आणत नाहीत. त्यांना ऐकू येते. मग त्या रेडिओ लावतात.'

मी ती दोनदा वाचली. किती नेमकं, असं वाटलं. आणि लगेच दुसरं वाटलं, की दोन्ही चित्रपटांत रेडिओ कुठेच नाही. माझी सवय तुम्हाला माहीत आहे, तुमच्या पत्रांतसुद्धा मी चुका काढते. मी लाल पेन घेतलं आणि खाली लिहिलं: 'चित्रपटात रेडिओ नव्हता.'

तेव्हा तीन वाजून गेले होते. रेडिओ चालू होता.

पुढच्या महिन्यात हॉल भरलेला होता. मी चिठ्ठ्या वाचल्या. सागवानी दारावर हशा झाला. शेवटी ही वाचली आणि म्हटलं, "अभिप्राय उत्तम आहे. फक्त सभासदांनी चित्रपट जरा लक्ष देऊन पाहावा. रेडिओ कोणत्याच आवृत्तीत नाही." लोक हसले. केळीवाले भाऊ मागून ओरडले, "तिसऱ्यात टाकतील, बाई!" आणखी हशा.

चौथ्या रांगेत आमचे शेजारी बसले होते. ते हसले नाहीत. त्यांनी फक्त मान वळवून शेजारी बसलेल्या बायकोकडे पाहिलं. सुटीच्या दिवशी ते घरी असत, माझा रेडिओ त्यांनाही ऐकू जाई. ती समोर बघत होती, माझ्याकडे.

मला तेव्हाही कळलं नाही. त्यांना माझ्या आधी कळलं.

मला कळलं ते दुसऱ्या दिवशी तीन वाजता, रेडिओच्या बटणावर हात असताना. मी हात काढून घेतला. भिंतीला कान लावला. काही नाही. मग मी डब्याचं झाकण घेऊन आपल्या बाजूने तीनदा ठोकलं. उत्तर नाही. मागच्या अंगणातून त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी गेले. खिडकी आतून लावलेली होती, पण ती काचेमागे उभी होती.

"मी चिठ्ठी वाचली," मी म्हटलं.

"सगळ्यांसमोर वाचली," ती म्हणाली.

"मला कळलं नव्हतं गं. आता सांग, मी काय करू? माहेरी कळवू का? पत्ता दे."

"तुम्ही आता ठोकू नका, बाई. ते आजपासून दुपारी घरी येणार आहेत." तिने रस्त्याकडे पाहिलं. "जा तुम्ही. जा."

मी गेले. तुमच्या आजोबांना सांगितलं. ते म्हणाले, नवरा-बायकोच्या गोष्टीत पुराव्याशिवाय पडू नये, आधी नीट विचार करू. विचार करण्यात मी हुशार. साक्रीकडचं कोणी ओळखीचं धुळ्याच्या मंडळात निघेल, पुढच्या वेळी रिळं पाठवताना सोबत चिठ्ठी लिहून विचारू, असं मी ठरवलं. रिळं पाठवायला चार आठवडे होते. शेजारीण सहा दिवसांनी गेली.

शेजाऱ्यांच्या मागच्या अंगणात पाण्याचा जमिनीखालचा हौद होता. जळगावात तेव्हा नळाला चार दिवसांनी पाणी यायचं, घरोघरी असे हौद होते. त्यांनीच आरडाओरडा करून सगळ्यांना बोलावलं. झाकण बाजूला पडलेलं होतं, ती आत पाण्यात होती. तिने उडी टाकली, तोल गेला की आणखी काही झालं, हे मी आजही सांगू शकत नाही. मला माहीत नाही. जे मला माहीत होतं तेवढंही मी सांगितलं नाही, हे मात्र मी सांगू शकते.

हवालदार जबाब घ्यायला आले तेव्हा आमच्या ओट्यावर कॉलनीतले सात-आठ पुरुष उभे होते. आमचे शेजारीही होते, डोळे सुजलेले.

"बाई, तुम्ही भिंतीला भिंत लागून राहता. तुमचं मत काय?"

मी म्हटलं, "विसरभोळी होती असं ऐकलंय."

"आणि हे?"

"सज्जन आहेत," मी म्हटलं. त्यांनी लिहून घेतलं. मी वाचून पाहिलं आणि सही केली. चिठ्ठी आतल्या खोलीत वहीत चिकटवलेली होती.

तिसऱ्या दिवशी तिचा भाऊ आला. धोतर, टोपी, हातात पिशवी. आत यायला तयार नव्हता, पायरीवरच बसला.

"बाई, तुम्हले काही आयकू उनं नही का? इतली जवळ भिंत शे."

मी म्हटलं, "माझा रेडिओ चालू असायचा, भाऊ."

त्याने मान डोलावली. ते खरंच होतं. तो पाणी न पिता गेला.

दोन-तीन महिन्यांत शेजाऱ्यांची बदली झाली. जाताना ते पेढे ठेवून गेले. मी मंडळाचं चिटणीसपद सोडलं. कारण विचारलं तेव्हा डोळ्यांचं निमित्त सांगितलं.

सात वर्षांनी, निवृत्त झाल्यावर, मी वहीतून ती चिठ्ठी वाफेवर सोडवली. लाल ओळ खोडरबराने, मग ब्लेडने खरवडून पाहिली. कागद पातळ झाला, अक्षरं राहिली. जळगावहून धुळे, धुळ्याहून साक्री, आणि तिथून जीपने तिच्या माहेरच्या गावी गेले. भाऊ ओळखला, पण तोही म्हातारा दिसायला लागला होता. आई खाटेवर होती, डोळ्यांनी अधू. मी सगळं सांगितलं. भिंत, रेडिओ, हॉल, जबाब. सांगताना मी कुठेही स्वतःची बाजू घेतली नाही. तेवढं एक मला जमलं.

भावाने चिठ्ठी उजेडात धरून आईसाठी मोठ्याने वाचली. मग बोट ठेवून म्हणाला, "आनि हाई लाल कोनी लिखेल शे?"

"मी," मी म्हटलं.

त्याने कागद घडी करून खिशात ठेवला. शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या. तो उठून गोठ्याकडे गेला आणि मी निघेपर्यंत परत आला नाही.

म्हातारीने हात पुढे करून माझं मनगट चाचपलं.

"तिनी पिच्चर दखा व्हता?"

"हो. दोन."

"तिले आवडना का?"

तुम्ही फोनवर जो प्रश्न विचारलात तोच. इतक्या वर्षांत तिचं मत मला दुसऱ्या कोणी विचारलं नव्हतं.

"पहिला आवडला," मी म्हटलं. "ती म्हणाली, पहिला खरा आहे."