कुठंमावशी

कुणाला मूल झालं की बायका विचारतात, "काय झालं, पोरगा का पोरगी?" आमच्या गावची सुईण विचारायची, "कुठं झालं?" सासू-सुनेचं भांडण झालं तरी तेच, "कुठं? वसरीवर का चुलीपाशी?" म्हणून हट्ट्याजवळच्या आमच्या गावात तिचं नाव कुठंमावशी पडलं. तोंडावर तसं म्हणायची हिंमत फक्त पोरासोरांत होती. मावशी त्यांना धरून मुका घ्यायची, तंबाखूच्या वासासकट.

खोटं बोलण्यातही तिचा हात सढळ होता. अडलेल्या बाईला ती हमखास सांगायची, "झालंच बघ, डोकं दिसून राहिलं." माझ्या एका बाळंतपणात असं डोकं तिला सकाळपासून पाच वेळा दिसलं. बाळ आलं दिवेलागणीला.

ते बाळ राहिलं नाही. माझ्या सासरी तान्ही बाळं जगतच नसत. सहाव्या-सातव्या दिवशी जबडा आवळायचा, दूध ओढेनासं व्हायचं आणि सगळं संपायचं. आत्याबाईंची, म्हणजे माझ्या सासूबाईंची, पाच नातवंडं अशी गेली. त्यातली दोन माझी, दोन जावेची, एक नणंदबाईंचं. घराण्यावर सटवाईचा कोप आहे, ती पहिलं तेवढं सोडते, असं गाव म्हणे. माझा थोरला खरंच जगला होता. चौथ्या खेपेला दिवस भरत आले, तरी मी अंगडं शिवायलाही भीत होते.

शिमग्याच्या सुमारास मावशी पोट बघायला आली.

"तुझा थोरला कुठं झाला?"

"बाळापूरला, माहेरी."

"जावेचा?"

"तिच्या माहेरी."

"अन् नणंदबाईंचं पहिलं, गेलं ते?"

"इथंच. त्यांचं माहेर हेच की."

"पाठची तिघं?"

"त्यांच्या सासरी. तिघंही धडधाकट आहेत."

मावशीचा तंबाखू मळणारा अंगठा थांबला. "मंग सटवाई पहिलं-दुसरं न्हाई बघत, पोरी. घर बघून राहिली."

आमच्या घरी नाळ मानाच्या खुरप्यानं कापत. पणजसासऱ्यांनी त्यानं पहिली हळद काढली होती म्हणे. एरवी ते गोठ्यात, शेणामातीसकट आढ्याला खोचलेलं असे. धुतलं तर लक्ष्मी जाते! बाळंतपण आलं की आत्याबाई स्वतः ते आणून मावशीच्या हाती देत. दुसऱ्या कुठल्या घरात ही रीत नव्हती.

"मग सांगा की आत्याबाईंना," मी म्हटलं.

"काय सांगू? पाची नातवंडं तुमच्या हातानं गेली म्हणून? अन् कापलं कुणी? म्याच." मळलेली तंबाखू तशीच मुठीत धरून मावशी उठली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी अंगणात हळदीची कढई चढली होती, शेजारणी जमल्या होत्या, आणि मावशीच्या अंगात आलं. केस सुटले, डोळे फिरले. गालात तंबाखू तशीच असल्यामुळे सटवाई जरा बोबडी बोलत होती. "हळद शिजवता, अन् लेकराला खुरपं कच्चंच काहून लावता?"

आत्याबाईंनी हात जोडले. "चुकलं, आई. काय करू?"

"इस्तवात लाल करा. मंग सुईणीबिगर कुणी हात लावायचा न्हाई. बेंबीला शेण न्हाई, राख न्हाई." एवढ्यावर थांबली तर ती मावशी कसली! "अन् सुईणीला नवं लुगडं. हिरवं."

मी तोंडात पदर कोंबला.

मला मुलगी झाली. सातव्या दिवशी तिच्या तोंडाकडे बघायचा मला धीर होईना. तर बयेनं असं भोकाड पसरलं की गोठ्यातली जनावरं उठून उभी राहिली. मग छातीशी घेतल्यावर चुटूचुटू प्यायला लागली. मी रडले, उंबऱ्यावर बसलेल्या आत्याबाईही रडल्या. मावशी हिरवं लुगडं नेसून आली आणि म्हणाली, "वरडू द्या. कान किटू द्या सगळ्यांचे." त्यानंतर त्या घरात जन्मलेलं एकही बाळ सातव्या दिवशी गेलं नाही. पुढं लाल करून करून खुरप्याची धार गेली, तेव्हा मावशीनं मोठ्या भक्तिभावानं ते देव्हाऱ्यात बसवलं आणि नाळ कापायला नवी सुरी मागून घेतली.

निजाम गेला त्याच वर्षी मावशीही गेली. गाव रडलं ते अर्थात मावशीसाठी.

तिला पोचवून माणसं परतली तेव्हा आत्याबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. "ती सोंग करून राहिली व्हती," त्या म्हणाल्या. "खुरप्याचं नाव निघालं, अन् मला तवाच समदं कळलं."

मी चपापले. "मग हात काहून जोडले?"

"पाच लेकरं माझ्या हातानं गेली, हे तिला ठावं व्हतं. चारचौघींत बोलली न्हाई." त्यांनी डोळ्यांना पदर लावला. "म्या हात जोडले ते देवीला न्हाई, सूनबाई. तिला."