टोपलीतली अंडी

नात प्रयोगशाळेत उंदरांच्या अंड्यांवर काम करते, असं तिने सांगितलं तेव्हा मी म्हणाले, "उंदीर कधीपासून अंडी घालायला लागला?" ती हसली. अंडी पोटातच असतात म्हणे, नुसत्या डोळ्यांना दिसणार नाहीत इतकी बारीक. काही मादीच्या पोटात वाढलेली, काही हिने काचेच्या बशीत वाढवलेली. दोन्ही दिसायला सारखी. पण बशीतल्यांपासून पिल्लं फार कमी होतात, आणि का, ते तिला सापडत नाही. सुट्टीला नाशिकला आली तरी तेच डोक्यात. जेवणावर लक्ष नाही.

मला पेठच्या सासरची टोपली आठवली.

लग्नाला वर्ष झालं नव्हतं. घरात अंड्यांवर बसायला आलेली खुडूक कोंबडी एकच, आणि अंडी तिच्या पंखांखाली मावतील त्याच्या दुप्पट. उरलेली मी मागितली. निघतील ती पिल्लं माझी, असं सासूबाईंकडून कबूल करून घेतलं. त्या घरात माझं म्हणावं असं दुसरं काही नव्हतं. टोपलीत भाताचं तूस भरलं, त्यात अंडी पुरली आणि टोपली चुलीजवळ ठेवली. ऊब सारखी राहावी म्हणून हात घालून बघत बसायची. कोमट तुसाचा वास दिवसभर हाताला राहायचा. तो नंतर कुठे मिळाला नाही. इथे गॅस आहे.

सासूबाई म्हणायच्या, "त्यापरास तूच बस की त्यांच्यावर. घरात आणखी एक खुडूक."

तीन आठवड्यांनी कोंबडीखालची जवळजवळ सगळी फुटली. माझ्या टोपलीतून एकच पिल्लू निघालं, तेही लंगडं. बाकीची मी फोडून बघितली. पिल्लं एका अंगाने कवचाला चिकटून मेलेली.

"फिरवली व्हती का?" सासूबाईंनी विचारलं.

नव्हती. कोंबडी दिवसभर चोचीने अंडी उलटीपालटी करते, हे मी रोज बघत होते. मला वाटायचं, बसून बसून कंटाळते.

हे नातीला सांगितलं. ती म्हणाली, "आजी, आमची अंडी फिरवायची नसतात."

"ते मला कळतं. पण ती मादी पोटात काय करते, ते तू बघितलंस का?"

"तेच तर बघतेय." थोडा वेळ भात चिवडून म्हणाली, "त्या लंगडीचं काय झालं?"

"मोठी झाली. अंडी घातली. त्यातून पिल्लंही धड निघाली."

तिने ताटावरून मान वर केली. "टोपलीत ठेवली होतीस?"

"छे. कोंबडीखाली."