डावीकडे ओढणारा उतार

विद्यापीठाच्या परिसरात स्केटिंग कुठे करायचं आणि कुठे नाही, याचे नियम मी टाइप केले तेव्हा मला तिथे नोकरीला लागून सहा वर्षं झाली होती. त्याआधी पार्किंगचे, गणपती बसवण्याचे, मोकाट कुत्र्यांना खाऊ घालण्याचे असे बरेच नियम माझ्या हातून गेले होते. नियम कसा जन्मतो ते मला पाठ होतं. कोणीतरी पडतं, दुसरंच कोणीतरी तक्रार करतं, आणि आमचे साहेब म्हणतात, "मॅडम, एक परिपत्रक काढून टाका."

या वेळी एक मुलगी पडली होती. आरमोरीकडची, एम.कॉम.च्या पहिल्या वर्षाची, वसतिगृहात राहणारी. शाळेपासून स्केटिंग करायची. रोज संध्याकाळी पाच वाजता झेरॉक्सच्या दुकानापासून ग्रंथालयापर्यंतच्या उतारावरून खाली यायची. तिचं पाहून आणखी चारपाच जण स्केट्स आणि स्केटबोर्ड घेऊन येऊ लागले होते. जुलैत ती ग्रंथालयासमोर पडली, मनगट मोडलं. मागून येणाऱ्या एका प्राध्यापकांना करकचून ब्रेक मारावा लागला. तक्रार त्यांची होती.

खुलासा द्यायला ती प्लास्टर घातलेला हात घेऊन ऑफिसात आली.

"सर, माझा तोल नाई गेला," ती म्हणाली. "रस्ताच ओढते. पहिले मी तिथून पाय न मारता सरळ येत होती. आता चाकं डावीकडे जातेत. दर आठवड्याले थोडं जास्त."

"चाकं खराब झाली असतील," साहेब म्हणाले.

"नवीन आहेत, सर."

"मग रस्ता खराब? मागच्याच वर्षी झालाय तो." साहेबांनी कागद पुढे सरकवला. तिने डाव्या हाताने वाकडीतिकडी सही केली.

त्या दिवशी साहेबांनी नियम सांगितले आणि मी लिहून घेतले. हेल्मेट आणि गुडघ्याचे पॅड सक्तीचे. कानात इयरफोन नको. इमारतींच्या व्हरांड्यात, पायऱ्यांच्या कठड्यावर, व्हीलचेअरच्या रॅम्पवर स्केटिंग नको. करायचंच तर बास्केटबॉलच्या मैदानावर, चार ते सहा, ओळखपत्र दाखवून. आणि सातवा नियम, ग्रंथालयाच्या उतारावर स्केटिंगला सक्त मनाई. मसुदा कुलगुरूंच्या ऑफिसात गेला आणि दोन महिने तिथेच राहिला.

आमचा परिसर माजरीकडच्या कोळशाच्या पट्ट्यात आहे. खाली कधीकाळी भूमिगत खाण होती. मी शाळेत असताना ती बंद झाली. माझे बाबा त्याच खाणीत छताला लाकडी टेकू लावायचं काम करायचे. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणीच त्याबद्दल बोलत नसे. आमच्याकडे जमिनीखाली काय आहे हे विचारायची पद्धत नाही. कुठेही खणलं तरी कोळसाच.

ऑगस्टच्या शेवटी माझी स्कूटी बिघडली, म्हणून बाबा मला घ्यायला आले होते. मी बाहेर पडले तर ती मुलगी स्केट्स घालून उभी. प्लास्टर निघालं होतं.

"मॅडम, एक डाव पाहा तरी. मग काय मेमो द्यायचा तो द्या."

मी नाही म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही.

ती वरून निघाली. चाकांचा खर्रर्र आवाज येत होता. ग्रंथालयाच्या अलीकडे, दिशा दाखवणाऱ्या पाट्यांच्या खांबाजवळ, तो आवाज एकदम बदलला. घुमल्यासारखा झाला, रिकाम्या ड्रमवरून काहीतरी जावं तसा. आणि ती सरळ उभी असूनही डावीकडे, गटाराकडे सरकत गेली. पुढे पुन्हा खर्रर्र.

कठड्यावर बसलेले बाबा उठले होते.

"पोरी, अजून एक डाव ये बरं," ते म्हणाले.

ती आली. तोच आवाज, त्याच जागी. ती तिसऱ्यांदा वर जायला वळली तसे बाबा ओरडले, "नको! आता चढू नको त्याच्यावर."

बाबांचा तसा चेहरा मी आधी एकदाच पाहिला होता. मी लहान असताना त्यांच्याबरोबरचा एक माणूस वर आला नव्हता, त्या दिवशी. बाबांनी हातातली काठी घेतली आणि तिच्या लोखंडी टोकाने रस्ता ठोकत निघाले. टक. टक. टक. खांबाजवळ आले आणि आवाज झाला धब. पुन्हा धब. ते दोन पावलं मागे आले.

"खाणीत छत असंच ठोकून पाहत होतो," ते म्हणाले. "असा आवाज आला की तिथून हटाचं. हे खालून सुटून राह्यलं, बाई."

"किती दिवसांत?"

"छत बोलते. तारीख सांगत नाई."

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुमच्या वडिलांचं वय काय?" मी सांगितलं. ते हसले नाहीत, पण मान हलवली. बांधकाम विभागाला पत्र लिहा म्हणाले. मी लिहिलं, दोनदा स्मरणपत्र पाठवलं. उत्तर आलं नाही. विद्यापीठाची बस रोज चार वेळा त्या उतारावरून जात होती. खिडकीतून ती दिसली की मी हातातलं काम थांबवून, ती पलीकडे जाईपर्यंत पाहत बसायची.

तशात स्केटिंगचा मसुदा मंजूर होऊन परत आला. शेवटची प्रत मला टाइप करायची होती. मी सातवा नियम बदलला. "ग्रंथालयाच्या उतारावर स्केटिंग, तसेच सर्व प्रकारच्या वाहनांची व पायी ये-जा पुढील आदेशापर्यंत बंद राहील." सह्यांच्या फायलीत तो कागद मी मधोमध ठेवला. साहेबांनी सगळ्यांवर सह्या केल्या.

दुपारपर्यंत गार्डने उताराच्या दोन्ही टोकांना ड्रम ठेवून साखळी बांधली. संध्याकाळी साहेबांनी बोलावलं.

"हे मी सांगितलं होतं?"

"नाही, सर."

"मग?"

"सही तुमची आहे, सर."

मला कारणे दाखवा नोटीस मिळाली. ती मीच टाइप केली, कारण आमच्याकडे दुसरं कोणी नव्हतं.

लोक वैतागले. कॅन्टीनला वळसा घालून जावं लागत होतं. सगळा राग त्या मुलीवर निघाला. हिच्या चाकांपायी रस्ता बंद झाला म्हणायचे. तिच्या खोलीच्या दारावर कोणीतरी खडूने घाण लिहिलं. ती पुसायची, ते पुन्हा लिहायचे. तिने मला हे एकदाच सांगितलं, तेही मी विचारलं म्हणून.

मी रोज सकाळी साखळीपाशी जाऊन उभी राहायची. आधी गटारातलं पाणी जाळीपर्यंत पोचेनासं झालं, मधेच जिरू लागलं. मग पाट्यांचा खांब कलला. इतका थोडा, की दुसऱ्या कोणाला दाखवलं तर तो पहिल्यापासून तसाच होता म्हणायचा. मग डांबरावर एक रेघ आली. पहिल्या दिवशी केसाएवढी. तिसऱ्या दिवशी तिच्यात माझं पेन उभं राहिलं. मी फोटो काढून साहेबांना पाठवले. त्यावर दोन निळ्या खुणा आल्या, बाकी काही नाही.

पुढच्या आठवड्यात साहेबांनी शुद्धिपत्रक सांगितलं. नियम सात फक्त स्केटिंगपुरता, उतार गुरुवारी सकाळपासून खुला. तेही मी टाइप केलं. त्यावर सही झाली. गार्डला द्यायचं म्हणून ते माझ्या टेबलावर होतं.

बुधवारी दुपारी तीनच्या सुमारास आवाज झाला. मोठा नव्हता. धानाचं पोतं फरशीवर टाकावं एवढाच. कपातला चहा थरथरला. सगळे बाहेर धावले.

साखळीच्या आत रस्ता नव्हता. बस उभी मावेल एवढा खड्डा पडला होता, आणि पाट्यांचा खांब त्यात गळ्यापर्यंत गेला होता. कडेचं डांबर अजून तुटून पडत होतं, आणि ते खाली पोचल्याचा आवाज उशिरा येत होता. धूळ उठली. तिला बाबांच्या जुन्या कामाच्या कपड्यांचा वास होता.

कोणाला खरचटलंही नाही. साहेब माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. हळूच म्हणाले, "ते शुद्धिपत्रक... गेलं नाही ना?"

"नाही, सर."

त्यांनी आत जाऊन तो कागद उचलला आणि खिशात घातला. माझी नोटीस मात्र त्यांनी मागे घेतली नाही. माझ्या सेवापुस्तिकेच्या फायलीत ती अजून आहे.

नंतर मोजणीवाले आले. यंत्रं घेऊन परिसरभर फिरले, जागोजागी लाल रंगाच्या रेघा मारल्या आणि निघून गेले. ग्रंथालय रिकामं केलं. मुलीने दिवाळीनंतर दाखला काढला. तिच्या घरचे तिला इथे ठेवायला तयार नव्हते. दाखला घेताना ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही पण बदली मागा." मी हसले. माझी नोकरी बदलीची नाही.

आता आमच्या ऑफिसच्या भिंतीला चिरा आहेत. इंजिनिअरने येऊन त्यांच्यावर आडव्या काचेच्या पट्ट्या चिकटवल्या. भिंत हलली तर काच तडकते, म्हणाला. काच तडकली तर कळवा, तोवर काम सुरू ठेवा. पट्ट्या चार आहेत. सोमवारी तिसऱ्या पट्टीत मला बारीक रेघ दिसली. मी फोन केला. ती डिंकाची रेघ असेल, असं उत्तर आलं.

मी टेबल दाराजवळ ओढून घेतलं आहे.